डिस्क कोणती घ्यायची? शिरपूरचा जुना प्रश्न

शिरपुरात रेल्वे येत नाही. जवळचं स्थानक म्हणजे नरडाणा, तेही तापीच्या पलीकडे, सुरत-भुसावळ मार्गावर. त्यामुळे गावात बाहेरून जे काही येतं ते बहुतेक मुंबई-आग्रा महामार्गाने: एकतर मुंबई, नाशिक, धुळ्याकडून वर, नाहीतर सेंधव्याकडून पळासनेरची हद्द ओलांडून खाली. घरगुती संगणकाचे सुटे भागही याच रस्त्याने आले. एका टोकाला मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दुसऱ्या टोकाला इंदूरचा बाजार, आणि मध्ये तालुक्याच्या गावातलं 'कॉम्प्युटर सेल्स अँड सर्व्हिस' अशी पाटी लावलेलं दुकान. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आलेलं पार्सल सकाळी सोडवून आणायचं, ही या धंद्याची जुनी रीत.

त्या पार्सलात कीबोर्ड, रॅम, मदरबोर्ड काहीही असो, हार्डडिस्कची गोष्ट वेगळी. तिच्या आतली तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत राहतं. माणसाचा केस त्या फटीच्या हजारो पट जाड असतो. बंद असताना हेड बाजूला उभं केलेलं असतं, म्हणून डिस्क प्रवास सोसते. पण किती सोसला, हे ती मशीनला लावून चालू केल्यावरच कळतं.

म्हणून जुनी डिस्क गेली की नवी कोणती घ्यायची, याचं उत्तर इथे कंपनीच्या माहितीपत्रकात सापडत नव्हतं. मोठ्या शहरातलं गिऱ्हाईक आधी विचारायचं, किती जीबीची? तालुक्याच्या गावचं विचारायचं, बिघडली तर बदलून कोण देणार, भाऊ? आणि किती दिवसांत? या यंत्राचा साठ-सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला तर हा दुसरा प्रश्नच जास्त शहाणा वाटतो.

मुळात ही वस्तू विकायची नव्हतीच. १९५६ च्या सप्टेंबरात आयबीएमने 'रामॅक' या यंत्रासोबत पहिलं डिस्क युनिट आणलं. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, वजन टनाच्या घरात आणि साठवण ५० लाख अक्षरांची, म्हणजे आजच्या मापाने सुमारे पावणेचार एमबी. मोबाईलवर काढलेला एक बरा फोटो. ते मिळायचं महिन्याच्या भाड्याने, आणि बिघडलं तर कंपनीचा माणूस येऊन दुरुस्त करायचा. निवडीचा प्रश्नच नव्हता. १९७३ मध्ये आयबीएमनेच 'विंचेस्टर' नावाने ओळखली जाणारी रचना आणली, तिच्यात तबकडी आणि हेड एकाच बंद डब्यात गेले. १९८० मध्ये शुगार्ट टेक्नॉलॉजी या कंपनीने, जिचं पुढे सीगेट झालं, सव्वापाच इंची डबीत ५ एमबी बसवले. आता डिस्क दोन-चार स्क्रू काढून बदलता येणारा सुटा भाग झाली. १९८३ च्या आयबीएम एक्सटीमध्ये १० एमबीची डिस्क होती, आणि एवढ्या जागेचं करायचं काय, असं तेव्हा खरोखर विचारलं जाई.

भारतात १९८४ च्या नोव्हेंबरात नवं संगणक धोरण आलं आणि आयातीची कडी थोडी सैल झाली. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला, त्यानंतर संगणकाच्या सामानावरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरत गेलं. खानदेशात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये जळगावला सुरू झालं. तरी शिरपूरच्या घराघरांत संगणक शिरायला २००१ हे साल धरावं लागेल. त्या वर्षी गावात आर. सी. पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं आणि त्याच वर्षी एमकेसीएल ही कंपनी स्थापन झाली. तिच्या एमएससीआयटी या संगणक अभ्यासक्रमाने पुढच्या काही वर्षांत महाराष्ट्रातला तालुकान् तालुका गाठला. अभियांत्रिकीच्या पोराला प्रोजेक्टसाठी मशीन हवं, सरकारी नोकरीतल्या वडिलांना एमएससीआयटीचं प्रमाणपत्र हवं, धाकटीला गेम हवा. तिघांत मिळून एक असेंबल्ड पीसी येई. ब्रँडेड मशीन हे बँकेचं आणि कचेरीचं काम. घरात येणारा डबा दुकानदाराने पेचकस घेऊन जुळवलेला असे.

आणि जुळवलेल्या डब्याचं काय, तो उघडायला कुणाची परवानगी लागत नाही.

यातूनच दुरुस्तीची एक अख्खी पिढी तयार झाली. तिचं महाराष्ट्रातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण पुण्यातलं आहे. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर एका दुकानात रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला लागले. १९९० मध्ये त्यांनी स्वतःचं छोटं दुकान टाकलं. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत बिघाड कमी आणि व्हायरस जास्त, हे दिसल्यावर धाकटे भाऊ संजय यांनी ते साफ करणारे प्रोग्रॅम लिहायला घेतले. पुढे त्यातूनच 'क्विक हील' उभी राहिली आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात गेली. या यशोगाथेचं कौतुक पुष्कळ झालं आहे. इथे तिच्यातला वेगळा धागा महत्त्वाचा: 'डिस्क गेली' असं म्हणत दुकानात आणलेली प्रत्येक डिस्क खरोखर गेलेली नसते.

२६ एप्रिल १९९९ ला हे फार मोठ्या प्रमाणावर दिसलं. तैवानच्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच व्हायरस, ज्याला लोक 'चेर्नोबिल' म्हणत, त्या दिवशी जागा झाला आणि भारतासह आशियातल्या असंख्य संगणकांवर त्याने डिस्कच्या सुरुवातीच्या भागात कचरा लिहून ठेवला. काही मशीनचं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅमही पुसला गेला. स्क्रीन काळी, डिस्क रिकामी. पण तबकडी, मोटर, हेड शाबूत होतं. पार्टिशन नव्याने पाडून विंडोज टाकलं की तीच डिस्क पुढे कित्येक वर्षं चालणार होती. ज्याचा कारागीर जाणता त्याचे पैसे वाचले. ज्याचा नवशिका, त्याने नवी डिस्क घेतली.

नवी डिस्क घ्यायची ठरलीच तर पहिली अडचण पैशांची नव्हे, जुन्या मशीनची. डिस्क दर दोन वर्षांनी मोठी होत गेली आणि मदरबोर्ड मात्र आपल्या जन्मसालाशी बांधलेला राहिला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं बायोस ५२८ एमबीच्या पुढे पाहू शकत नव्हतं. मग ८.४ जीबीची भिंत आली. मग ३२ जीबीच्या आसपासची, जिच्यापाशी काही बोर्ड डिस्क ओळखायच्या आधीच गोठून बसत. त्यासाठी डिस्कच्या पाठीमागे एक जम्पर ठेवलेला असे. तो लावला की चाळीस जीबीची डिस्क स्वतःला बत्तीसची म्हणवून घेई. पदरचे आठ जीबी सोडून द्यायचे, पण मशीन चालू. पुढची भिंत १३७ जीबीची. मूळ विंडोज एक्सपी तिच्यापलीकडे जात नसे, आणि १६० जीबीची कोरी डिस्क १२७ जीबी दिसली की गिऱ्हाईक दुकानदाराकडे संशयाने बघू लागे. २००२ चा सर्व्हिस पॅक टाकला की उरलेली जागा सापडे. त्यात कंपन्या जीबी मोजणार हजाराच्या पटीत आणि विंडोज १,०२४ च्या पटीत, त्यामुळे ५०० ची डिस्क ४६५ च दिसणार. किती दुकानदारांनी किती वेळा हे गणित कागदावर मांडून दाखवलं असेल, देव जाणे.

केबलचंही तसंच. आयडीईच्या चपट्या पट्टीवर दोन डिस्क बसत, एक मास्टर, एक स्लेव्ह, आणि कोण कोण ते जम्परने ठरवायचं. पट्टीला आधी ४० तारा असत, मग ८०. निळं टोक बोर्डात, काळं मास्टरला, करडं स्लेव्हला. २००३ पासून सॅटाची बारीक केबल आली आणि ही सगळी विद्या हळूहळू निरुपयोगी झाली. मधल्या काळात मात्र मोठी पंचाईत होती. २००२ सालचा डबा, त्याची आयडीई डिस्क २००८-०९ मध्ये मेली, तर दुकानात मिळणार सॅटा. आयडीई मिळालीच तर छोटी आणि महाग. मग कन्व्हर्टर लावायचा की बोर्ड बदलायचा? बोर्ड बदलला तर रॅम बदलणार, रॅम बदलली तर प्रोसेसर. डिस्कसाठी आलेला माणूस अर्धा संगणक घेऊन घरी जाई.

एवढ्या भिंती पार करून जे उरेल त्यातून कंपनी निवडायची. या कंपन्यांचा इतिहास म्हणजे एकामागून एक झालेली विलीनीकरणं. कॉनर १९९६ मध्ये सीगेटमध्ये गेली. क्वांटमचा डिस्कचा धंदा २००१ मध्ये मॅक्स्टरने घेतला आणि २००६ मध्ये मॅक्स्टरलाच सीगेटने गिळलं. आयबीएमची 'डेस्कस्टार ७५जीएक्सपी' २००० मध्ये वेगासाठी नावाजली गेली आणि वर्षभरात इतकी बदनाम झाली की तिला 'डेथस्टार' म्हणू लागले, अमेरिकेत खटला उभा राहिला; पुढे आयबीएमने हा धंदा हिताचीला दिला. सॅमसंगच्या डिस्क २०११ मध्ये सीगेटकडे गेल्या, हिताचीच्या २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलकडे. आज जगात फिरत्या तबकडीची डिस्क बनवणारे उरलेत तीन: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. 'मॅक्स्टरच घ्या, कधी जात नाही' असं छातीठोक सांगणारा कारागीर पाच वर्षांनी तितक्याच खात्रीने सीगेटचं नाव घेऊ लागला, त्यात त्याची चूक नव्हती. मॅक्स्टर उरलीच नव्हती.

शिवाय कंपनीचं नाव पुरेसं नसतं, मालिका पाहावी लागते. २००९ च्या जानेवारीत सीगेटच्या 'बाराकुडा ७२००.११' मालिकेतल्या काही डिस्क एका सकाळी ओळखूच येईनाशा झाल्या. दोष तबकडीत नव्हता, आतल्या फर्मवेअरमध्ये होता. माहिती जागच्या जागी आणि दार मात्र आतून बंद. कंपनीने सुधारित फर्मवेअर काढलं, पण आधीच बंद पडलेल्या डिस्कचा त्याला उपयोग नव्हता. जगभरच्या हौशी कारागिरांनी शोधलेला उपाय असा की नोकिया फोनची सीए-४२ ही डेटा केबल कापायची, तिच्या तारा डिस्कच्या मागच्या पिनांना जोडायच्या आणि संगणकावरून चार ओळींचे आदेश देऊन डिस्क जागी करायची. मोबाईल दुकानातली ती केबल तेव्हा भारतात कुठेही मिळायची. दुरुस्तीच्या धंद्याला या प्रसंगाचं श्रेय जेवढं मिळायला हवं तेवढं मिळालेलं नाही.

आता वॉरंटी. खरा बाजार इथे होता. २००२ च्या ऑक्टोबरपर्यंत घरगुती डिस्कला तीन वर्षांची वॉरंटी सर्रास मिळे. त्या महिन्यात मॅक्स्टर, सीगेट आणि वेस्टर्न डिजिटल यांनी ती बहुतेक डिस्कसाठी एका वर्षावर आणली. २००४ मध्ये सीगेटने बाजी उलटवली आणि थेट पाच वर्षं जाहीर केली. हार्डडिस्क म्हणजे सीगेट, हे समीकरण त्यानंतरच्या काळात पक्कं झालं, त्यात या पाच वर्षांचा वाटा मोठा. २००९ मध्ये पाचाची तीन झाली. २०११ च्या शेवटी सीगेटच्या साध्या बाराकुडाला एकच वर्ष उरलं आणि वेस्टर्न डिजिटलच्या निळ्या-हिरव्या डिस्कना दोन. डिस्क तीच, कारखाना तोच, पण कागदावरचं आयुष्य वाऱ्याबरोबर फिरत होतं.

हे बदल पुण्या-मुंबईच्या माणसाला फारसे जाणवले नाहीत. त्याचं सर्व्हिस सेंटर लोकलच्या अंतरावर होतं. तालुक्यातला दुकानदार मात्र मेलेली डिस्क बबलरॅपमध्ये गुंडाळून मोठ्या शहराकडे पाठवी, आणि ती बदलून येईपर्यंत गिऱ्हाईक रोज येता-जाता विचारे. चाणाक्ष दुकानदार म्हणून एक-दोन जुन्या डिस्क हाताशी ठेवत, तेवढ्यापुरत्या लावून द्यायला. बदलून येणारी डिस्कही कोरी नसे, कुणाची तरी दुरुस्त केलेली असे, आणि तिच्या लेबलावर तसं छापलेलं असे. दुबई-सिंगापूरकडून आडमार्गाने आलेली स्वस्त डिस्क असली तर तिचा नंबर कंपनीकडे टाकल्यावर ती या देशासाठी नव्हतीच, असं उत्तर मिळे. आणि सगळं नीट झालं तरी वॉरंटी डब्याची, आतल्या ऐवजाची नाही. लग्नाचं शूटिंग, पतपेढीच्या टॅलीचं वर्ष, पोराचा प्रोजेक्ट, यांतलं काहीही बदलून मिळत नसे.

मग डिस्क मरायची कशाने? खानदेशात कुणालाही विचारलं तर उत्तर एकच: उन्हाळा. मे महिन्यात पारा ४४-४५ वर, खोलीत कूलरची दमट हवा, जिनिंगच्या हंगामात कापसाचं तूस. तर्क पटणारा आहे, पण पुरावा जरा वेगळं सांगतो. २००७ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी स्वतःच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास छापला. तापमान आणि बिघाड यांचं नातं लोक समजतात तितकं घट्ट नाही, फार तापलेल्या आणि जुन्या डिस्क सोडल्या तर, असं त्यात निघालं. निम्म्याहून अधिक मेलेल्या डिस्कनी सर्वांत भरवशाच्या चार पूर्वसूचनांपैकी एकही दिली नव्हती. त्याच वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी दाखवलं की वर्षाला एक टक्क्याहून कमी बिघाडाचं आश्वासन देणाऱ्या डिस्क प्रत्यक्षात दोन ते चार टक्के, काही ठिकाणी तेरा टक्क्यांपर्यंत बदलाव्या लागतात. ही यंत्रं वातानुकूलित दालनातली आहेत, शिरपूरच्या पत्र्याच्या खोलीतली नाहीत, हे खरं. पण सगळा दोष उन्हावर ढकलता येत नाही, हेही तितकंच खरं.

विजेचा गुन्हा जास्त स्पष्ट आहे. २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली आणि त्याच सुमारास महाराष्ट्राच्या ग्रामीण भागावर भारनियमनाची कुऱ्हाड पडली. पुढची काही वर्षं दिवसाचे तासन् तास वीज नसे. चालू डिस्कची वीज गेली तर आधुनिक डिस्क एक हुशारी करते: फिरत्या तबकडीच्या उरलेल्या गतीतून मोटरच जनित्र बनते आणि तेवढ्या विजेवर हेड सुरक्षित जागी ओढलं जातं. ऐंशीच्या दशकातल्या डिस्कना हे जमत नसे, त्यांच्यासाठी बंद करण्याआधी 'पार्क' असा आदेश द्यावा लागे. पण हेड वाचलं तरी अर्धवट लिहिलेलं वाचत नाही. विंडोज ९८ च्या काळात वीज परत आली की निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क सुरू होई, आणि ते संपेपर्यंत पुन्हा वीज जाई. म्हणून जाणता दुकानदार डिस्क बदलताना यूपीएसची बॅटरी तपासायला सांगे. ती नवी घेण्याचा खर्च ऐकून गिऱ्हाईक बहुधा म्हणे, पुढच्या वेळी बघू.

२०११ च्या ऑक्टोबरात पाणी आलं, तेही थायलंडमध्ये. बँकॉकच्या उत्तरेचे औद्योगिक पट्टे बुडाले, वेस्टर्न डिजिटलचा बांग पा-इनचा कारखाना आणि मोटर बनवणाऱ्या निडेकचे कारखाने पाण्याखाली गेले. काही आठवड्यांत जगभर डिस्कच्या किमती दुपटीच्या आसपास पोचल्या. अमेरिकेतल्या बॅकब्लेझ या साठवणूक कंपनीवर तर अशी वेळ आली की तिची माणसं दुकानोदुकानी फिरून गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या एक्स्टर्नल डिस्क घेत, त्यांची खोकी फोडत आणि आतली डिस्क सर्व्हरला लावत. हीच कंपनी २०१३ पासून कोणत्या मॉडेलच्या किती डिस्क मेल्या याची आकडेवारी प्रसिद्ध करते आहे. तिच्यामुळेच सीगेटचं तीन टीबीचं एक मॉडेल किती नाजूक निघालं ते सर्वांना कळलं. 'कोणती घ्यावी' या प्रश्नाला उघड्यावर मांडलेला पुरावा प्रथमच मिळाला. त्यात ज्या डिस्क असतात त्या बहुतेक मोठ्या आणि गोदामातल्या, घरगुती नव्हेत, एवढं लक्षात ठेवून तो वाचावा.

पण पुरावा हाती येईपर्यंत घरगुती संगणकातून फिरती तबकडीच निघून चालली होती. तिच्या जागी आलेल्या एसएसडीत फिरणारं काही नसतं, त्यामुळे ट्रॅव्हल्सच्या डिकीची भीती गेली. २०२० च्या टाळेबंदीत शाळा घरात आली तेव्हा दहा-बारा वर्षांचे डबे माळ्यावरून खाली उतरले. त्यांना १२० किंवा २४० जीबीची एसएसडी बसवली की तेच मशीन दोन मिनिटांऐवजी पंधरा-वीस सेकंदांत उघडे. इतक्या कमी पैशांत इतका फरक पाडणारी दुरुस्ती या धंद्यात आधी झाली नव्हती. फक्त मरण्याची तऱ्हा बदलली. जुनी डिस्क पुष्कळदा टकटक करून मरायची आणि निदान फोटो काढून घ्यायला सवड द्यायची. एसएसडी काल होती आणि आज नाही.

तबकडीची डिस्क अजून खपते, पण ती घरच्या संगणकात क्वचितच जाते. ती जाते सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये. वेस्टर्न डिजिटलने २०१४ मध्ये जांभळ्या लेबलाची 'पर्पल' आणि सीगेटने २०१६ मध्ये 'स्कायहॉक' हे नाव आणलं ते याच कामासाठी: चोवीस तास न थांबता लिहीत राहायचं. सराफाचं दुकान, जिनिंग, पेट्रोल पंप, सोसायटीचं फाटक, सगळीकडे ती लागते. आणि याच बाजारात आता जुन्याला नवं करण्याचा खेळ शिरला आहे. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटच्या मोठ्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्या आणि हजारो तास वापरलेल्या निघाल्या. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी 'स्मार्ट' नावाची नोंद ठेवते तिच्यातले चालू तासांचे आकडे शून्य केलेले होते, पण आतली 'फार्म' नावाची दुसरी नोंद पुसायची राहिली होती, त्यामुळे भांडं फुटलं. म्हणून आता डिस्क घेताना सील पाहून भागत नाही. ती काउंटरवरच मशीनला जोडायला सांगावी, क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम उघडावा, चालू तासांचा आकडा वाचावा, सीगेट असेल तर 'फार्म'ही पाहावं, नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कधी संपते ते बघावं, आणि मगच पैसे मोजावेत. बिल पक्कं घ्यावं, त्यावर डिस्कचा नंबर लिहून घ्यावा; बदलून आणायला जाताना पहिल्यांदा तोच मागतात.